तिबेटचा लढा आणि आपले पहिले शील



मागच्या पाठात आपण पहिल्या शीलाचा अर्थ पाहिला. तो पाठ आमच्या विहारात वाचून दाखविला, त्या रविवारी मागे बसलेल्या एका वयस्क उपासिकेने हात वर केला. ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या नातवाने मला पेपरातली बातमी वाचून दाखवली. तिबेटातल्या एका भन्तेंनी भर रस्त्यात स्वतःला जाळून घेतले. जीवहत्या करू नये असे तुम्ही सांगता. मग त्या भन्तेंचे शील राहिले की मोडले?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काहीतरी बोललो, पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. घरी आल्यावर पुस्तके काढली, वाचले, विचार केला. आजचा पाठ त्या माउलीच्या प्रश्नासाठी आहे. मात्र भन्तेंचे शील तपासायला बसण्याआधी ते कोण होते, कोणत्या लोकांतले होते आणि त्यांच्यावर काय बेतले होते, हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे.

आपले नाते काय?

हिमालयाच्या पलीकडे चौदा-पंधरा हजार फूट उंचीवर तिबेटचे पठार आहे. याक आणि मेंढ्या पाळणारे, सातू पिकविणारे हे लोक. त्यांच्याकडे धम्म गेला तो भारतातून. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतरक्षित तिकडे गेले. सम्ये येथे पहिला विहार उभा राहिला आणि आचार्यांनी तिथेच देह ठेवला. अकराव्या शतकात, १०४२ साली, विक्रमशिला विहाराचे आचार्य दीपंकर अतीश साठी ओलांडलेल्या वयात तिबेटात पोहोचले. तेही परत आले नाहीत. पुढे आपल्या देशात नालंदा आणि विक्रमशिला नष्ट झाली, ग्रंथ जळाले, बुद्धाचे नाव घेणारा माणूस या भूमीत उरला नाही. परंतु त्या ग्रंथांची तिबेटी भाषांतरे कंग्युर आणि तंग्युर या संग्रहांत सुरक्षित राहिली. महापंडित राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले आणि भारतात नामशेष झालेल्या संस्कृत पोथ्या त्यांनी तिथल्या मठांतून शोधून काढल्या. धर्मकीर्तीचा 'प्रमाणवार्तिक' हा ग्रंथ त्यांतलाच. आपल्या घराला आग लागली तेव्हा आपली ठेव शेजाऱ्याने सांभाळून ठेवावी, तसे हे झाले. त्या शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना आपण दार लावून बसणार आहोत काय?

आपल्यातले काही जाणते बांधव यावर म्हणतील, "त्यांच्यात लामांचे अवतार असतात, तंत्र-मंत्र असते. आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. आपला त्यांचा संबंध काय?" शंका रास्त आहे, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात आत्म्याच्या पुनर्जन्माला जागा नाही. लामांच्या अवताराची कल्पना आपण स्वीकारलेली नाही आणि स्वीकारण्याची गरजही नाही. पण ज्याच्याशी आपले सगळे विचार जुळतात त्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध तेवढे बोलायचे, असे शील मी तरी कोठे वाचलेले नाही.

दुसरी शंका याहून जड आहे आणि ती आपल्यासारख्यांनी तर विचारलीच पाहिजे. जुन्या तिबेटात समता होती काय? नव्हती. जमीन सरकार, सरदार घराणी आणि मोठे मठ यांच्या हाती होती. पुष्कळ कुळे जमिनीला बांधलेली होती. लोहार, खाटीक आणि प्रेतांची विल्हेवाट लावणारे यांना नीच मानले जाई. हे वाचताना आपल्या अंगावर काटा येतो, कारण हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. चीनचे सरकार याच गोष्टीकडे बोट दाखवून म्हणते की, आम्ही गुलामांना मुक्त केले.

यावर विचार करताना मला बाबासाहेबांचे १९३० सालचे गोलमेज परिषदेतले भाषण आठवते. इंग्रज सरकारही म्हणत असे की अस्पृश्यांचे खरे वाली आम्हीच. बाबासाहेबांनी लंडनमध्ये त्यांच्या तोंडावर विचारले की, तुमच्या राज्यात आमच्यासाठी विहिरी खुल्या झाल्या काय, देवळे खुली झाली काय, पोलिसात आणि सैन्यात जागा मिळाली काय? आणि त्यांनी मागणी केली ती लोकांच्या राज्याची. घरातला अन्याय दाखवून परक्याने घर बळकावावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याच वेळी स्वराज्य आले म्हणजे अन्याय आपोआप जाईल, असेही त्यांनी कधी मानले नाही. तिबेटकडे पाहताना आपण ही दोन्ही टोके हातात धरली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट पाहा. पुढे ज्यांची हकीकत येईल ते बहुतेक तुरुंगवासी आणि हुतात्मे शेतकऱ्यांची, मेंढपाळांची, साध्या घरची मुले-मुली आहेत. कित्येकांचा जन्म १९५९ नंतरचा. सरदारांचे राज्य त्यांनी पाहिलेलेच नाही. मग ही मुले कोणत्या सरदारासाठी मरत होती?

दहा मार्च

१९५० च्या ऑक्टोबरात चिनी फौजा पूर्व तिबेटात घुसल्या आणि चामदो पडले. दलाई लामा तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते. त्याच वयात राज्याचा भार त्यांच्यावर आला. मे १९५१ मध्ये पेकिंगला गेलेल्या तिबेटी शिष्टमंडळाकडून सतरा कलमी करारावर सह्या घेण्यात आल्या. धर्माला आणि चालीरीतींना हात लावणार नाही, असे त्यात लिहिलेले होते.

१९५४ साली भारत सरकारने चीनशी करार केला. तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे त्यात मान्य केले आणि त्या कराराला 'पंचशील' हे नाव लाभले. आपण रोज सकाळी जे म्हणतो त्याचेच नाव! त्या वर्षी २६ ऑगस्टला बाबासाहेब राज्यसभेत या विषयावर बोलले. त्यांचे म्हणणे असे की, माओ यांची पंचशीलावर खरी श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना निराळे वागविले असते. राजकारणात पंचशीलाला जागा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द आपल्या सरहद्दीला आणून भिडविली आहे, असा इशारा त्यांनी दिला. हे बोलले गेले तेव्हा त्यांना धम्मदीक्षा घ्यायला दोन वर्षे बाकी होती आणि चीनच्या आक्रमणाला आठ वर्षे. सभागृहाने ऐकले, देशाने ऐकले नाही.

१० मार्च १९५९ ही तारीख घरातल्या मुलांना पाठ करून द्यावी. चिनी लष्करी छावणीत नाटक पाहायला दलाई लामांना बोलावणे आले होते आणि नेहमीचे अंगरक्षक आणू नयेत असे सांगण्यात आले होते. ही बातमी ल्हासात फुटली. त्यांना पळवून नेतील या भीतीने हजारो माणसे घरेदारे सोडून नोर्बुलिंका राजवाड्याभोवती जमा झाली आणि हलेनात. दोन दिवसांनी, १२ मार्चला, हजारो स्त्रियांचा मोर्चा निघाला. त्यांच्यापुढे बंदुका होत्या. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा शिपायाचा वेष घालून बाहेर पडले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात आले. २० तारखेला ल्हासावर तोफा सुरू झाल्या होत्या. त्यात मेलेल्यांमध्ये आपला नेता आतच आहे असे समजून उभे राहिलेले पुष्कळजण होते. त्यानंतर सुमारे ऐंशी हजार तिबेटी देश सोडून आले.

"नेताच पळून गेला" असे कोणी म्हटले तर त्याला बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून दाखवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांवर युद्ध करण्याचे ठरविले, तेव्हा सिद्धार्थ एकटा विरोधात उभा राहिला. बहुमत विरुद्ध गेले. फाशी, किंवा कुटुंबावर बहिष्कार आणि जप्ती, किंवा देशत्याग, असे मार्ग समोर आले आणि आपल्यामुळे घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने देशत्याग पत्करला. देश सोडणारा प्रत्येक माणूस पळपुटा नसतो.

मागे राहिलेल्यांचे काय झाले? दहावे पंचेन लामा चीनच्या बाजूचे समजले जात. त्यांनीच १९६२ साली चीनच्या पंतप्रधानांना एक लांबलचक अर्ज लिहिला. तो सत्तर हजार अक्षरांचा अर्ज म्हणून ओळखला जातो. मध्य तिबेटात पूर्वी अडीच हजारांहून अधिक मठ होते, त्यांतले सुमारे सत्तर उरले. एक लाख दहा हजार भिक्खू-भिक्खुणींपैकी सुमारे सात हजार मठांत राहिले. असे त्यांनी स्वतः फिरून, पाहून लिहिले. पुष्कळांना वाटते की हा विध्वंस १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत झाला. अर्ज त्याच्या चार वर्षे आधीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. हे लिहिल्याबद्दल पंचेन लामांना वर्षानुवर्षे तुरुंग आणि नजरकैद भोगावी लागली.

संयुक्त राष्ट्रांनी १९५९, १९६१ आणि १९६५ साली तिबेटवर ठराव केले. पहिल्या दोन वेळा आपला देश तटस्थ राहिला. तिसऱ्या वेळी, म्हणजे चीनकडून मार खाल्ल्यानंतर, ठरावाच्या बाजूने मत दिले.

आवाज बंद होत नाही

सगळे तिबेटी अहिंसेनेच लढले असे मी तुम्हाला सांगणार नाही. खाम भागातल्या लोकांनी १९५८ साली सशस्त्र दल उभारले. त्यांना अमेरिकेची गुप्त मदत होती. नेपाळातल्या मुस्तांगमधून ते १९७४ पर्यंत लढत होते. शेवटी दलाई लामांनी आपल्या आवाजातला ध्वनिमुद्रित निरोप पाठविला की शस्त्रे खाली ठेवा. त्यांनी ती ठेवली. पण काहींना ते सहन झाले नाही आणि त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. आज्ञा मोडवत नाही आणि शरणही जाववत नाही, अशा कोंडीत सापडलेली ती माणसे होती.

२७ सप्टेंबर १९८७ रोजी द्रेपुंग मठाचे एकवीस भिक्खू हाती तिबेटचा झेंडा घेऊन ल्हासातल्या जोखांग मंदिराभोवती फिरले. त्यांना लगेच पकडण्यात आले. चार दिवसांनी पुन्हा लोक जमले, तेव्हा गोळीबार झाला. मार्च १९८९ मध्ये ल्हासात लष्करी कायदा पुकारावा लागला आणि तो वर्षभराहून अधिक काळ चालला.

या काळातल्या भिक्खुणींची गोष्ट घरातल्या लेकी-सुनांना मुद्दाम वाचून दाखवावी. न्गावांग सांगद्रोल ही मुलगी तेरा वर्षांची असताना घोषणा दिल्याबद्दल पहिल्यांदा पकडली गेली. १९९२ साली पुन्हा पकडून तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. ल्हासाच्या द्राप्ची तुरुंगात तिने आणि इतर तेरा भिक्खुणींनी १९९३ मध्ये चोरून आणलेल्या एका टेपरेकॉर्डरवर गाणी म्हटली. आपल्या देशाची, आपल्या गुरूची, घरच्यांना धीर देणारी गाणी. ती कॅसेट तुरुंगाबाहेर गेली. गाणी म्हटल्याबद्दल त्या चौदाजणींच्या शिक्षेत पाच ते नऊ वर्षांची भर पडली. सांगद्रोलची शिक्षा वाढत वाढत वीस वर्षांच्या पुढे गेली. जगभरातून दडपण आल्यावर २००२ साली ती सुटली.

पाल्देन ग्यात्सो नावाचे भिक्खू १९५९ साली तुरुंगात गेले. तुरुंग आणि श्रमछावण्यांत मिळून त्यांची तेहतीस वर्षे गेली. विजेचा धक्का देणाऱ्या दांड्याने त्यांचे दात पाडण्यात आले. १९९२ साली सुटल्यावर ते भारतात निसटून आले, येताना ज्या हत्यारांनी कैद्यांना छळले जाते ती पैसे चारून मिळवून बरोबर घेऊन आले आणि जगाला दाखविली. २०१८ साली धर्मशाळेत त्यांचे निधन झाले.

मार्च २००८ मध्ये पुन्हा सगळा तिबेट उठला. या वेळी १४ मार्चला ल्हासात चिनी दुकाने जाळली गेली आणि त्यात साधी चिनी माणसेही मेली. हे शीलाच्या विरुद्ध घडले, ते आपण शीलाच्या विरुद्धच म्हटले पाहिजे. हिंसा थांबली नाही तर मी पदत्याग करीन, असे दलाई लामांनी तेव्हा जाहीर केले. त्यानंतरच्या दडपशाहीत दोनशेहून अधिक तिबेटी मारले गेले, असे निर्वासित तिबेटी शासनाचे म्हणणे आहे.

मग मठांत पोलीस येऊन बसले. दलाई लामांची निंदा लिहून द्या, त्यांचे चित्र काढून टाका, असे भिक्खूंना सांगण्यात येऊ लागले. बोलायला, जमायला, लिहायला जागा उरली नाही. आता आपण त्या माउलीच्या प्रश्नाजवळ आलो.

शील राहिले की मोडले?

एप्रिल १९९८ मध्ये दिल्लीत तिबेटी तरुणांचे आमरण उपोषण चालू होते. पोलीस ते मोडू लागले, तेव्हा साठ वर्षांच्या थुपतेन न्गोडुप यांनी स्वतःला पेटवून घेतले. ते पूर्वी भारतीय सैन्यात होते. २७ फेब्रुवारी २००९ रोजी न्गाबा येथे किर्ती मठाच्या तापे या तरुण भिक्खूने तेच केले. तो जगला. १६ मार्च २०११ रोजी त्याच मठाचा फुन्त्सोग गेला आणि त्यानंतर तीनशेहून अधिक भिक्खूंना मठातून उचलून नेण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भिक्खुणी पाल्देन चोएत्सो गेली. पुढे मेंढपाळ, शेतकरी, विद्यार्थी, लेकरांच्या आया. २००९ पासून तिबेटात दीडशेहून अधिक जणांनी असे केले आहे आणि त्यांतले बहुतेक वाचले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलेला त्सेवांग नोर्बू हा लोकप्रिय गायक होता, वय पंचवीस. दलाई लामांना परत येऊ द्या आणि आम्हाला स्वातंत्र्य द्या, ही त्यांतल्या पुष्कळांची शेवटची मागणी होती. आग त्यांनी आपल्या अंगाला लावली, समोरच्या शिपायाच्या अंगाला नाही.

आता धम्म काय म्हणतो ते पाहू. वैशालीला असताना काही भिक्खूंना आपल्या शरीराची किळस आली आणि ते स्वतःला मारू लागले, एकमेकांकडून मारवून घेऊ लागले. तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी उरलेल्यांना एकत्र बोलावून श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना शिकविली आणि तिसऱ्या पाराजिकाचा नियम घातला. जो भिक्खू जाणूनबुजून माणसाला मारील तो भिक्खू राहणार नाही. जो मरणाची स्तुती करून दुसऱ्याला मरायला उद्युक्त करील, तोही भिक्खू राहणार नाही. नियमाचा हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे.

त्याचबरोबर छन्न नावाच्या भिक्खूची कथा सुत्तांत आहे. तो असह्य आजाराने तळमळत होता आणि जीवन संपवितो म्हणाला. सारिपुत्त त्याच्याजवळ गेले. त्यांनी त्याला शाप दिला नाही. ते म्हणाले की, तुला मानवेल असे अन्न नसेल तर मी आणून देतो, औषध नसेल तर मी आणतो, सेवा करणारा नसेल तर मी स्वतः तुझी सेवा करतो, पण तू जग. शेवटी छन्न वाचला नाही, आणि तथागतांनी त्याला दोष दिला नाही. मरणाची स्तुती नाही आणि मेलेल्याची निंदाही नाही, असे हे आहे.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात अहिंसेचा अर्थ सांगताना नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करण्याचे स्वातंत्र्य देते. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, म्हणून कृती मोजताना मनातला हेतू पाहावा लागतो. व्हिएतनाममध्ये सायगावच्या रस्त्यावर ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिच क्वांग डुक यांनी अग्नीत देह दिला. तिथल्या राजवटीने बौद्धांचे ध्वज बंद केले होते, बौद्धांवर गोळ्या घातल्या होत्या. पुढे त्याच देशाचे भिक्खू थिच न्हात हान्ह यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहून समजाविले की, हे जीवनाला कंटाळून केलेले मरण नव्हे, यातून जुलूम करणाऱ्याचे हृदय जागे करायचे होते. दलाई लामांनी मात्र तिबेटी लोकांना असे करा म्हणून कधी सांगितले नाही. त्यांनी धैर्य मान्य केले, दुःख व्यक्त केले आणि याने कितीसा परिणाम होतो, अशी शंकाही बोलून दाखविली. चीन सरकारने काय केले? २०१२ च्या अखेरीस, अशा कृत्याला मदत किंवा उत्तेजन देणाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला भरावा, असे ठरविले.

मी माझे मत सांगतो, ते तुम्ही तपासून घ्या. त्या भन्तेंनी दुसऱ्याचा द्वेष केला नाही, दुसऱ्याचा प्राण घेतला नाही आणि सगळी दारे बंद झाली तेव्हा आपले शरीर हाच शेवटचा शब्द केला. त्यांचे शील मोडले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परंतु हे करावे असे विहारात बसून एकाही तरुणाला सांगण्याचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, कोणाही पुढाऱ्याला नाही. तिसऱ्या पाराजिकाची मर्यादा भिक्खूंसाठी आहे, पण तिचा अर्थ उपासकालाही लागू पडतो.

हे मी दूरच्या देशापुरते बोलत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. जानेवारी १९९४ मध्ये नामविस्तार झाला. आपण त्यांना शहीद म्हणतो, म्हणावेच. पण त्यांच्या नावाने भाषण करताना समोर बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुले काय ऐकतात, याचा विचार आपण किती वेळा करतो? टाळ्या पडतात, सभा संपते, आणि एखादे मनाने खचलेले लेकरू ते शब्द घरी घेऊन जाते. तुमच्या घरात, वस्तीत असे कोणी असेल तर सारिपुत्तांनी काय केले ते आठवा. जवळ बसा, जेवू घाला, दवाखान्यात न्या, एकटे सोडू नका.

आणखी एक सुत्त याच संदर्भात वाचण्यासारखे आहे, आणि ते आपल्या भूमीशी जोडलेले आहे. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरांत देशाला धम्म सांगायला निघाला. हा देश म्हणजे आपले कोकण आणि सोपारा बंदराचा परिसर, असे मानले जाते. तथागतांनी विचारले की, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, हात तर उगारला नाही, असे म्हणून मी त्यांना चांगलेच मानीन. हाताने मारले तर? दगड मारले नाहीत, असे म्हणेन. असे करत करत प्रश्न काठीवर, शस्त्रावर आणि मरणावर आला. पुण्ण डगमगला नाही आणि तथागतांनी त्याला जाण्याची अनुमती दिली. पण पुढे काय झाले ते लोक विसरतात. पुण्ण तिथे गेला, राहिला आणि त्याच वर्षी शेकडो उपासक-उपासिका त्याने धम्मात आणले. मरणाची तयारी ठेवून तो तिथे गेला होता. काम मात्र त्याने जगूनच केले.

तिबेटातही असे जगून काम करणारे आहेत, त्यांची बातमी कमी छापली जाते. ताशी वांगचुक नावाच्या दुकानदाराने एवढेच मागितले की, आमच्या मुलांना शाळेत तिबेटी भाषा नीट शिकवा, चीनच्या घटनेतच तसे लिहिले आहे. तो कज्जा घेऊन तो पेकिंगपर्यंत गेला आणि एका अमेरिकन वृत्तपत्राच्या चित्रफितीत बोलला. त्याला जानेवारी २०१६ मध्ये पकडून पाच वर्षे तुरुंगात ठेवण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ साली म्हटले की, सुमारे दहा लाख तिबेटी मुले आईबापांपासून दूर सरकारी निवासी शाळांत आहेत आणि तिथले शिक्षण चिनी भाषेत आहे. ज्या समाजाला 'शिका' हा पहिला मंत्र मिळाला त्याला यातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको. वसतिगृहाने आपल्याला वर काढले, आणि तिथे तीच गोष्ट मुलांच्या तोंडची आईची भाषा पुसायला वापरली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये देर्गे भागात एका धरणाखाली गावे आणि जुने मठ बुडणार म्हणून भिक्खू आणि गावकरी अधिकाऱ्यांपुढे गुडघे टेकून विनवण्या करीत होते. शेकडो लोकांना पकडून नेण्यात आले.

देशाबाहेर आलेल्यांनी तर जुन्या तिबेटाचे दोषच दुरुस्त करायला घेतले. १९६० साली त्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसविले. १९६३ च्या घटनेच्या मसुद्यात दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद स्वतः दलाई लामांनी आग्रहाने घालून घेतली, लोकांना ती नको होती तरी. २०११ मध्ये त्यांनी राजकीय सत्ता पूर्णपणे निवडून आलेल्या नेत्याकडे सोपविली. जुलै २०२५ मध्ये त्यांना नव्वद वर्षे पूर्ण झाली. पुढचा दलाई लामा ठरविण्याचा अधिकार आपल्याच संस्थेचा राहील, असे त्यांनी त्या वेळी जाहीर केले आहे. चीन सरकार म्हणते, अधिकार आमचा. देव-धर्म न मानणाऱ्या सरकारला अवतार ठरविण्याची एवढी हौस का, हे तुम्हीच ओळखा.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक सांगतो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचे नाव नोर्ग्येलिंग. हिवाळ्यात शहरांतून स्वेटर विकायला बसणारे तिबेटी स्त्री-पुरुष आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. घासाघीस करून स्वेटर घेतो आणि पुढे जातो. पुढच्या वेळी दोन मिनिटे थांबा आणि त्यांचे गाव कोणते ते विचारा. नागपूरच्या दीक्षाभूमीविषयी त्यांना सांगा. १० मार्चला विहारात सायंवंदना झाल्यावर हा पाठ मोठ्याने वाचावा, आणि लहान मुले असतील तर अग्निदानाचा भाग गाळून भिक्खुणींच्या कॅसेटची आणि पुण्णाची गोष्ट सांगावी.

त्या उपासिकेला मी हे उत्तर मागच्या रविवारी वाचून दाखविले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "त्या भन्तेंची आई आहे का हो अजून?" ते बातमीत नव्हते. पुढच्या पाठात आपण दुसरे शील घेऊ.